मुंडी, नरड्यासकट

भूल कुणी दिली, हे कुणालाही विचारून बघा. अपेंडिक्स कुणी काढलं ते माणूस नातवंडांना सांगतं, बाळंतपण ज्या डॉक्टरीणबाईनं केलं तिच्या नावावरून पोरीचं नाव ठेवतं. पण भूल? "होतं की कुणीतरी, तोंडाला फडकं बांधून." मीही त्यातलीच. माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला झोपवणारा बाप्या होता की बाई, एवढंसुद्धा मला सांगता यायचं नाही.

त्यामुळं देवयानीबाई आमच्या मागच्या बंगल्यात राहायला आल्या आणि गल्लीत कळलं की त्या डॉक्टर आहेत, तेव्हा मी ते काही मानलं नाही. दवाखाना नाही, पाटी नाही, दारात पेशंट नाही. एक काळी जड बॅग आणि एक स्कूटी. फोन आला की बाई निघाल्या, कधी सकाळी उठल्या उठल्या, कधी ताटावरून. मी माझं डोकं चालवलं. बॅग घेऊन घरोघर जाणारी बाई म्हणजे ब्युटी पार्लरवाली, नवऱ्या मुलींना घरी जाऊन नटवणारी. हे मी एकटीनं ठरवलं आणि गल्लीभर सांगितलं. भाचीचं लग्न निघालं तेव्हा त्यांच्या फाटकाशी जाऊन आमच्या नवरीचं बघा जरा, असंही सांगून आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, मी नवरीला झोपवू शकते. नटवायचं मला जमत नाही."

तिथून आमची ओळख.

मी फुलाबाई. मूळची मंद्रूपच्या पलीकडची, धनगराची. शाळा तिसरीपर्यंत केली, कारण चौथीच्या गुरुजींपेक्षा मेंढरं माझी जास्त वाट बघायची. आता लेक बिरप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे, म्हणून आम्ही शहराच्या या टोकाला येऊन राहिलो. मेंढरं कधीच गेली, पण शेळ्या मी सोडल्या नाहीत. घरामागं पत्र्याचं खोपट आहे, त्यात त्या राहतात. खोपटाची भिंत ती देवयानीबाईंच्या कंपाउंडची भिंत. म्हणजे एका अंगाला माझ्या शेळ्या आणि दुसऱ्या अंगाला बाईंच्या सासूबाईंची तुळस. हे शेजारपण कसं टिकलं, ते त्या तुळशीलाच माहीत. माझ्या एका शेळीनं ती दोनदा खाल्लेली आहे.

बाई कुठल्या एका दवाखान्याच्या नाहीत. सोलापुरात लहान दवाखाने पुष्कळ, आणि जिथं ऑपरेशन असेल तिथून त्यांना बोलावणं येतं. प्रत्येक ठिकाणचं सामान निराळं. एकीकडं दिवा लागत नाही, दुसरीकडं उशी बसून बसून पापड झालेली. म्हणून बाई आपलं सामान आपल्याबरोबर घेऊन हिंडतात, आणि त्या सामानाची कायम काहीतरी खटपट चालू. सुट्टीच्या दिवशी मागच्या पायरीवर बसून कानशीनं काहीतरी घासतील, तार वाकवतील, परत सरळ करतील. एकदा मी त्यांना केस वाळवायच्या मशिननं प्लास्टिकची नळी गरम करताना पाहिलं. त्यांचे स्वतःचे केस मात्र ओलेच होते.

मी भिंतीवरून विचारलं, हे काय चाललंय. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. मोठी भूल दिली की माणूस आपला आपण श्वास घेत नाही, तो आपण चालवायचा असतो. त्यासाठी तोंडातून एक नळी थेट श्वासाच्या वाटेत घालायची. जीभ वर धरायला एक वाकडं पातं असतं, त्याला दांडा आणि दिवा. त्याला स्कोप म्हणतात. मी उलथनं म्हणते, बाई रागवत नाहीत.

आणि मग मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून होतं. मी त्यांना शिकवायला बसले. आम्ही बकऱ्यांना औषध पाजतो ते बांबूच्या नळकांड्यानं. मान किती वर करायची, जीभ कुठं सोडायची, घोट गिळेपर्यंत कसं थांबायचं, सगळं सांगितलं. चुकलं की औषध घासाच्या नळीऐवजी श्वासाच्या नळीत जातं आणि जनावर तिथंच पाय झाडतं. मी पेंडीचं घमेलं खाली ठेवून हातवारे करून दाखवलं. माझ्या हातून एकही बकरू असं गेलेलं नाही, हेही दोनदा सांगितलं.

बाईंनी अगदी मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे श्वासाच्या नळीत जाऊ नये म्हणून तुम्ही जपता?"

"व्हय की. जल्मभर."

"मला तिथंच घालायची असते, आजी."

मी घमेलं उचललं आणि शेळ्यांकडं गेले. त्यांना तरी माझं पटत होतं.

आता माझ्या गळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. माझ्या गळ्याला गाठ होती. बरीच वर्षं ती लिंबाएवढी होती, मी पदराखाली झाकायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, सासूनं घातलेला दागिना आहे, काढता येत नाही. मग ती वाढायला लागली. आडवं झालं की कुणी गळ्यावर गुडघा ठेवल्यासारखं व्हायचं. श्वासाला शिट्टी वाजायची. मी भिंतीला पोतं लावून बसल्या बसल्या डोळे मिटायची, आणि शिट्टी साऱ्या घराला ऐकू जायची. माझी सून सुकन्या म्हणायची, आत्या, जागेपणी तुमी बोलता आन झोपेत वाजता, आमी झोपायचं कदी?

देवयानीबाईंनीच मला डॉ. शिवराजांकडं नेलं. ते गळ्याची ऑपरेशनं करतात, तरुण आहेत, हाताला गुण आहे म्हणतात. त्यांनी फोटो काढला, बघितला, आणि गाठ काढावीच लागेल म्हणाले. गाठीनं श्वासाची नळी एका अंगाला ढकललीय, अजून वाढली तर बसूनही श्वास पुरायचा नाही. मग त्यांनी भुलीच्या दृष्टीनं बघा म्हणून बाईंकडं वळून पाहिलं.

"आजी, तोंड उघडा."

मी उघडलं.

"आणखी."

आणखी नव्हतंच. तरुणपणापासून मिसरी लावलेली, गाल आतून ताठ झालेले. बाईंची दोन बोटं कशीबशी आत गेली. मान मागं टाका म्हणाल्या, तर तीही जाईना. डोक्यावर ओझी वाहून वाहून ती खांबासारखी झालीय. सुकन्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यानं राहवलं नाही. म्हणाली, "डाक्टर, घरात तर हे तोंड मिटतच न्हाय की."

शिवराज डॉक्टर हसले, नर्स हसली, मीही हसले, कारण खरं होतं. सगळी गल्ली ज्या तोंडाला वैतागलेली, ते तोंड डॉक्टरला पाहिजे तेवढं उघडेना. देवयानीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्या गळ्याकडं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघत राहिल्या. मग त्यांनी शिवराज डॉक्टरांना सांगितलं, साध्या स्कोपनं यांचं श्वासाचं दार दिसायचं नाही. कॅमेऱ्याचा स्कोप पाहिजे. तो या दवाखान्यात नव्हता, लई महाग असतो म्हणे. मग शिवराज डॉक्टरांनी जे सगळे सांगतात ते सांगितलं, पुण्याला घेऊन जा.

मी पुण्याला जाणार नाही म्हटलं. कारण विचारलं तर शेळी गाभण आहे म्हटलं. शेळी होतीच गाभण. पण खरं कारण असं, की मला वाटलं आपण तिथून काही परत येत नाही. आणि मरायचंच असलं तर जिथं लोक आपल्याला ओळखतात, निदान वैतागलेले असतात, तिथं मरावं. पुण्यात माझ्यावर वैतागायलाही कुणी नाही.

बिरप्पा खूप बोलला. मी पोत्याला टेकून बसले आणि त्याला शिट्टी वाजवून दाखवली.

दुसऱ्या दिवशी देवयानीबाई भिंतीपाशी आल्या. म्हणाल्या, गाठ अजून काही आठवडे कळ काढेल. मला एक करून बघायचंय. जमलं तर इथंच करू. नाही जमलं तर पुण्याला जायचं, तेव्हा शेळीचं नाव काढायचं नाही. मी शेळीच्या पाठीवर हात ठेवून कबूल केलं.

त्यांना ही कल्पना सुचली होती ती आमच्या बसूच्या गॅरेजात. बसू माझ्या बहिणीचा मुलगा. बाईंची स्कूटी दुरुस्तीला त्याच्याकडं असते. त्याच्याजवळ एक लांब वायर आहे, तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा कॅमेरा, त्याला बारके दिवे. ती वायर इंजिनात सोडायची आणि आतलं सगळं मोबाईलवर बघायचं. बाई स्कूटी घ्यायला गेल्या आणि तासभर तिथंच उभ्या राहिल्या. बसू घाबरला, त्याला वाटलं बिलावरून काही आहे. बाईंनी त्याच जातीचा, पण त्याहून बारीक कॅमेरा नवा मागवला. तेवढ्यावर बसू आजही सांगतो की मावशीचं ऑपरेशन आमच्या गॅरेजनं केलं.

मग मागच्या पायरीवर खटपट सुरू झाली. कॅमेरा त्या वाकड्या पात्याच्या कडेला असा बसवायचा, की तोंडात जागा अडायला नको आणि टोकाचं सगळं दिसायला पाहिजे. आधी चिकटपट्टी लावली, ती औषधाच्या पाण्यात भिजवली की सुटायची. तारेनं बांधलं, तार टोचायची. शेवटी इलेक्ट्रिशियन लोक वायरीवर चढवतात ती गरम केली की आवळणारी नळी त्यांनी आणली. केस वाळवायचं मशिन त्यासाठीच होतं. कॅमेरा पात्याला असा बसला जसा बाळ पाठीला. मी ते भिंतीवरून बघत होते आणि मध्येमध्ये सल्ले देत होते. त्यातला एकही त्यांनी घेतला नाही, म्हणून मी आज हे सांगायला आहे.

शिवराज डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, उद्यापासून पेशंटचं ऑइल पण बदला." पण हसताहसता त्यांनी हातात घेऊन बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, आधी माणसाच्या नाही, दुसऱ्या कशाच्या तरी गळ्यात घालून दाखवा.

आता मुंडीचं.

एका दुपारी बाई भिंतीपाशी आल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आवाज बारीक केला. "आजी, बोकडाची मुंडी मिळेल का? नरड्यासकट पाहिजे. अख्खी, फोडायची नाही. आमच्या आईंना कळायला नको. मला ती..."

पुढचं मी बोलूच दिलं नाही. त्यांना कशाला लाजवायचं? घर असं, की चातुर्मासात कांदासुद्धा फाटकाबाहेर. त्यात सासूबाई प्रभाबाई, रिटायर शिक्षिका, गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना बघून शेपूट सरळ करतात. अशा घरात ह्या बाईनं वर्षानुवर्षं मन मारलेलं. दिवसभर रक्तामांसाच्या धंद्यात उभं राहायचं आणि घरी येऊन दोडक्याची भाजी खायची. माणूसच आहे, इच्छा होणार. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, पुढचं सांगू नका, मला समजलं. बाई म्हणाल्या, खरंच समजलं? मी म्हटलं, अहो, धनगराची हाय मी.

खाटकाकडून मुंडी निवडून आणली. नरड्यासकट, अख्खी, सांगितल्याप्रमाणं. खोपटाच्या मागं जाळावर केस भाजले, सुरीनं खरवडली, धुतली. अख्खी सांगितली होती म्हणून फोडली नाही, मोठ्या पातेल्यात तशीच शिजवली. काळं तिखट, भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, वर लाल तर्री. सुकन्या म्हणाली, आत्या, अशी अख्खी कोन शिजवतं? मी म्हटलं, डाक्टर लोकांना बघून खायची सवय असती. कडक भाकरी बरोबर घेतली. डब्यात मावेना म्हणून पातेलंच नव्या टॉवेलमध्ये बांधलं आणि मागच्या दारानं गेले.

बाई अजून आल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात प्रभाबाई.

"फुलाबाई, काय आणलंत?"

वास तर घरभर आधीच पुढं गेलेला. मला सुचलं ते सांगितलं. "वांगं हाय. अख्खं मसाल्याचं."

त्यांनी टॉवेलची गाठ सोडली, झाकण उचललं. आत ते वांगं आमच्या दोघींकडं बघून दात काढून हसत होतं.

प्रभाबाईंनी झाकण परत ठेवलं. हळूच, अगदी नीट बसवून. मग चष्मा काढून पदरानं पुसला. "फुलाबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं वांग्याला दात येतात का?"

तेवढ्यात स्कूटी वाजली. बाई आत आल्या, पातेलं बघितलं, झाकण बघितलं, सासूबाईंचं तोंड बघितलं आणि माझं बघितलं. आणि एवढ्या शिकलेल्या बाईला काय सुचावं, तर झाकण उचलून त्यांनी पहिलं काय विचारलं, "नरडं पण शिजवलंत?"

मी म्हटलं, "ते तर आधी शिजवलं. तेच मऊ व्हायला वेळ लागतो."

मग बाई पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता सासूबाईंना सगळं सांगितलं, कॅमेरा, माझा गळा, पुणं, सगळं. मी तिथं उभी राहून पहिल्यांदाच ऐकत होते, की मुंडी खायला नाही, तपासायला पाहिजे होती. कच्ची. माझ्या नरड्याच्या ऐवजी तिच्या नरड्यात नळी घालून बघायला. म्हणजे ज्या मुंडीवर माझा जीव टांगलेला होता, ती मी काळं तिखट घालून शिजवून आणली होती.

प्रभाबाईंनी पंचांग बघितल्यासारखं थोडा वेळ छताकडं बघितलं. मग म्हणाल्या, दुसरी आणा, पण या घरात नाही. आणि हे पातेलं आधी बाहेर न्या. ते पातेलं आमच्या घरी सगळ्यांनी मिळून संपवलं. बसूला गॅरेजातून बोलावलं. तो म्हणाला, प्रयोग यशस्वी.

दुसरी मुंडी मी भाजलीही नाही, धुतलीही नाही, तशीच आणली. शेळ्यांना पलीकडं बांधून खोपटातल्या बाजेवर ठेवली. बाईंनी हातमोजे चढवले, तोंडातून पातं आत घातलं, मोबाईल माझ्या हातात दिला. मी आयुष्यात किती मुंड्या भाजल्या, खरवडल्या, खाल्ल्या, त्याचा हिशेब नाही. पण आतून कधी बघितलेलं नव्हतं. जीभ संपते तिथं एक लहानसं पान उभं होतं, आणि त्याच्या मागं दोन पांढऱ्या पट्ट्या, तंबूच्या दारासारख्या. बाई म्हणाल्या, हे दार. मग त्यांनी तार घालून आकडीसारखी वाकवलेली नळी आणली. ती पडद्यावर एका कडेनं दिसली, घसरली, परत आली आणि दारातून आत गेली. पलीकडच्या शेळ्या ओरडत होत्या. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

पुढं बाईंनी तो स्कोप मेडिकल कॉलेजातल्या प्लास्टिकच्या पुतळ्यावर वापरला, तिथल्या सरांना दाखवला. मग शिवराज डॉक्टर आणि दवाखान्याच्या परवानगीनं, पेशंटला सांगून, ज्यांना साध्या स्कोपनंही जमलं असतं अशा लोकांवर वापरला. साधा स्कोप प्रत्येक वेळी शेजारी ठेवलेला असायचा. जमलं. प्रत्येक वेळी त्या घरी येऊन भिंतीवरून मला सांगायच्या, आणि दर वेळी म्हणायच्या, "पण तुमचं वेगळं आहे." बाई रात्री नीट झोपत नाहीत असं प्रभाबाईंनी मला सांगितलं. बसून झोपणारी मी, आणि माझ्यापायी आडवी होऊनही न झोपणारी ती.

ऑपरेशनच्या दिवशी बरोबर दोन चादरी आणा, अशी चिठ्ठी होती. मी घरातल्या सगळ्यात चांगल्या नेल्या, बिरप्पाच्या लग्नातल्या, अजून घडी न मोडलेल्या, सोलापुरी, मोराच्या. दवाखान्यात आपण काय पांघरतो ते चार लोक बघतात. टेबलावर गेले तर बाईंनी त्या चादरी घड्या घालून घालून माझ्या पाठीखाली आणि डोक्याखाली सारल्या. मोर सगळे खाली दाबले गेले. मी बोलले त्यावर. त्या म्हणाल्या, तुमची मान मागं जात नाही, सपाट झोपवलं तर गळा बंद होतो, म्हणून कान आणि छातीचं हाड एका रेषेत आणायचं. बाजारात यासाठी खास उतरती गादी मिळते, पण सोलापुरात राहून ती कुणी घ्यायची? अर्धवट बसल्यासारखी मी निजले आणि शिट्टी जरा खाली आली.

मला आधी झोपवणार नव्हते. झोपवलं आणि दार सापडलं नाही तर श्वास कुणी घ्यायचा? म्हणून मला जागीच ठेवून, गळा औषधाच्या फवाऱ्यानं बधिर करून, माझा श्वास चालू असतानाच नळी घालायची. कडू फवारा मारला. जीभ दुसऱ्याची झाली. बाई म्हणाल्या, आता फक्त लांब श्वास घ्यायचा. बोलायचं नाही.

कॅमेऱ्यावर श्वासाची वाफ धरू नये म्हणून त्याचं टोक कोमट पाण्यात बुडवून ठेवलेलं होतं. ते पाण्यातून काढायचं आणि गरम असतानाच पटकन आत घालायचं, एवढंच. बाईंनी ते काढलं. आणि मी बोलायला लागले. काय बोलत होते ते मला आठवतंय, पण सांगायला लाज वाटते. शेळीचं दूध काढायला सुकन्येला घाई करू नको सांगा, असं काहीतरी होतं. बधिर जिभेनं ते कुणाला कळेना, म्हणून मी परत सांगितलं. बाई हातात स्कोप धरून थांबल्या. माझं संपल्यावर त्यांनी पातं आत घातलं. तोवर टोक गार झालेलं. नर्सच्या हातातला मोबाईल माझ्या अंगाला तिरका होता, मला दिसत होता. पडदा सगळा पांढरा. दही लावल्यासारखा.

मुंडीनं हे कधी केलं नव्हतं, कारण मुंडी श्वास घेत नाही. आणि बोलत तर मुळीच नाही.

मला उबळ आली. बाईंनी पातं बाहेर काढलं. शिवराज डॉक्टर डोक्यामागून म्हणाले, "मॅडम, थांबू या का? पुण्याला पाठवू, उद्याची सोय करतो." आवाज चांगला होता, टोमणा नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली.

देवयानीबाई माझ्या तोंडापाशी वाकल्या. त्यांच्या फडक्याच्या वर फक्त डोळे दिसत होते. "आजी, एकदाच अजून. नाही गेली तर मी हात लावणार नाही. पुणं. चालेल?"

मला कितीतरी म्हणायचं होतं. मी फक्त मान हलवली, जेवढी हलते तेवढी.

टोक परत कोमट पाण्यात. बाईंनी फवारा पुन्हा मारला, माझ्या कपाळावर उजवा हात ठेवला, आणि पाण्यातून काढलेला स्कोप सरळ आत आला. पडद्यावर लाल, मग गुलाबी, मग ते पान. माझं दार एका अंगाला सरकलेलं होतं, अर्धं गाठीआड. पण होतं. माझ्या श्वासाबरोबर उघडत होतं, मिटत होतं. इतकी वर्षं त्यातून एवढं सगळं बाहेर पडलं, आणि दार इतकंच लहान.

नळी कडेनं आली. भिंतीला टेकली. बाईंनी मनगट किंचित फिरवलं. परत टेकली. माझा श्वास आत जाताना दार उघडलं, आणि नळी गेली.

"गेली," बाई म्हणाल्या. एवढंच. मी काहीतरी म्हणायला गेले तर आवाज निघेना. श्वास होता आणि आवाज नव्हता, असं माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं. मग शिरेतून काहीतरी गार आलं आणि पुढचं मला माहीत नाही.

गाठ निघाली. साधी होती, वाईट नव्हती. थोडे दिवस घसा बसला होता, बोलू नका सांगितलेलं. घरात लोक इतक्या खुशीत होते की मला दोन-तीनदा शंका आली, ऑपरेशन नक्की कुणासाठी केलं.

घरी आल्यावर एका दुपारी मी भिंतीचं पोतं बाजूला केलं. चटई टाकली, उशी घेतली एकच, पातळ. हळूहळू आडवी झाले. पाठ टेकली, मान टेकली. गुडघा नाही गळ्यावर. छपराचा पत्रा सरळ वरून दिसत होता, वर्षभरात असा बघितलाच नव्हता. डोळा लागला.

जाग आली ती पायांच्या आवाजानं, पण डोळे मी मिटल्यासारखेच ठेवले, किलकिले. सुकन्या भिंतीवरून हाका मारत होती, "ताई, या की जरा, आत्या गप पडल्यात, आवाजच येईना." देवयानीबाई धावतच आल्या, हात कणकेचे, पायात चप्पल नाही. माझ्याशेजारी चटईवर गुडघे टेकले आणि हाताची पालथी बाजू माझ्या नाकापाशी धरली. मी हलले नाही. आपण गेल्यावर लोक काय म्हणतात ते ऐकायची माझी जुनी हौस.

कुणी काहीच म्हणेना. बाईंचा हात तसाच राहिला, माझा श्वास त्यावर पडत होता. मग त्या सुकन्येला म्हणाल्या, "झोपल्यात. शिट्टी नाही, म्हणून तुला कळेना."

सुकन्या नाक ओढत उठली. बाई मात्र उठल्या नाहीत. तिथंच मांडी घालून बसल्या, भिंतीला टेकून, आणि ऐकत राहिल्या. मला लई बोलायचं होतं. पण आडवं असं पडायला इतकं बरं वाटत होतं, म्हटलं राहू दे, बसू दे तिला.